गुरूच्या घरची मुले : अमृतसरचा सेंट्रल खालसा यतीमखाना

शीख समाजातील शिक्षणाचा इतिहास लिहायला बसणारा माणूस बहुधा अमृतसरच्या खालसा कॉलेजपासून सुरुवात करतो. ५ मार्च १८९२ रोजी त्याची पायाभरणी झाली, इमारत भव्य आहे, तिथून निघालेल्या नामवंतांची यादीही मोठी आहे. त्या कॉलेजाचा मान कमी न करता सांगावेसे वाटते की शीख मुलांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक शिक्षणाची खरी कसोटी त्याच शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत लागली. ती संस्था म्हणजे चीफ खालसा दिवाणाने एप्रिल १९०४ मध्ये सुरू केलेला सेंट्रल खालसा यतीमखाना, म्हणजे अनाथाश्रम. कॉलेजात येणारा मुलगा घरून काहीतरी घेऊन येई. आजीने शिकवलेला मूलमंतर, वडिलांबरोबर गुरुद्वाऱ्यात जाण्याची सवय, बांधलेला जुडा हे सारे त्याच्याजवळ आधीच असे. यतीमखान्यात येणाऱ्या मुलाला घरच नव्हते. धर्म मुलांपर्यंत आईबापांकडून पोचतो असे आपण सगळेच गृहीत धरतो. आईबापच नसतील तर तो कुणी पोचवायचा, या प्रश्नाला एका समाजाने दिलेले हे उत्तर आहे.

हा प्रश्न १९०४ च्या सुमारास एवढा निकडीचा का झाला, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि काही वर्षांतच कचेरीची व सरकारी शाळांची भाषा उर्दू ठरली. गुरुमुखी लिपी उरली ती धरमसाळेत. तिथला जुना शिक्षणक्रम ठरलेला होता. आधी पैंती, म्हणजे गुरुमुखीची पस्तीस अक्षरे, मग 'बाल उपदेश', मग पंजग्रंथी, दसग्रंथी, आणि शेवटी गुरू ग्रंथ साहिबचे पठण. अक्षरओळख, व्याकरणाचे कान आणि धर्म तिन्ही एकाच वेळी मुलाच्या अंगी मुरत. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचे पहिले प्राचार्य लाइटनर यांनी १८८२ मध्ये पंजाबातील देशी शिक्षणाचा जो इतिहास सिद्ध केला, त्यात या शाळा कशा ओस पडत चालल्या आहेत हे त्यांनी अतिशय कळवळून लिहिले आहे. गुरुमुखी शिकून नोकरी मिळत नसेल तर मुलाला धरमसाळेत कोण धाडणार?

१८७३ च्या प्रारंभी अमृतसरच्या मिशन शाळेतील चार शीख विद्यार्थ्यांनी आपण ख्रिस्ती होणार असल्याचे जाहीर केले. मुले चारच, पण सारे शहर हादरले. त्याच वर्षी अमृतसरला सिंग सभा ही शीख धर्मसुधारणेची संस्था स्थापन झाली. १८७९ मध्ये लाहोरची सभा निघाली आणि पुढे गावोगावी सभा उभ्या राहिल्या. भाई वीर सिंग आणि भाई कौर सिंग यांनी १८९४ मध्ये खालसा ट्रॅक्ट सोसायटी काढून सोप्या पंजाबीत छोट्या पुस्तिका छापायला सुरुवात केली. १८९९ मध्ये 'खालसा समाचार' हे साप्ताहिक निघाले. फिरोजपूरला भाई तख्त सिंग यांनी १८९२ मध्येच मुलींची शाळा सुरू केली होती. तिचे पुढे सिख कन्या महाविद्यालय झाले, आणि त्यांच्या पत्नी बीबी हरनाम कौर यांनी त्या मुलींसाठी अक्षरशः आयुष्य वेचले. १९०६ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी त्या गेल्या. मराठी वाचकाला इथे हिंगण्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

हे सगळे चालू असतानाच दुष्काळ आणि प्लेग आले. पंजाबात प्लेगचा पहिला शिरकाव ऑक्टोबर १८९७ मध्ये जालंधर जिल्ह्यातल्या खटकड कलां गावी झाला. हे भगतसिंगांच्या घराण्याचे मूळ गाव. पुढच्या दहा वर्षांत या रोगाने पंजाबात लाखो माणसे नेली. १८९९-१९०० चा दुष्काळही त्याच काळातला. घरेच्या घरे बसली आणि मागे राहिलेली मुले रस्त्यावर आली. अशा मुलांना पोटाशी धरणारे हात होते, पण ते ज्याच्या त्याच्या धर्माचे होते. महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अनाथ बालकाश्रम काढला होता; केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये याच दुष्काळातल्या शेकडो मुली आल्या. पंजाबात आर्य समाजाचे अनाथालय फिरोजपूरला १८७७ पासून चालू होते आणि दुष्काळातल्या मुलांना आणण्याच्या कामात लाला लजपतराय स्वतः उतरले होते. शीख समाजाजवळ मात्र असे घर नव्हते. गुरुद्वाऱ्यात लंगर होता, तिथे कुणी उपाशी राहत नव्हते. पण जेवण मिळणे निराळे आणि वाढवले जाणे निराळे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी अमृतसरला चीफ खालसा दिवाणाची स्थापना झाली. भाई अर्जन सिंग बागडियां हे पहिले अध्यक्ष आणि सुंदर सिंग मजीठिया हे सचिव. ठिकठिकाणच्या सिंग सभांना एका सूत्रात आणणे हा दिवाणाचा हेतू होता. दोन वर्षे होतात न होतात तोच त्यांनी यतीमखाना काढला. त्यानंतर चार वर्षांनी त्यांनी भरवलेल्या शिक्षण परिषदेचा इतिहासात गाजावाजा जास्त आहे. तिचे पहिले अधिवेशन १९०८ मध्ये गुजरांवाल्याला झाले आणि त्या परिषदेच्या प्रेरणेने पुढे गावोगावी खालसा शाळा निघाल्या. तरी दिवाणाने आधी अनाथाश्रम काढला आणि परिषद नंतर घेतली, या क्रमाला माझ्या लेखी मोठे महत्त्व आहे. ज्यांचे कुणी नाही त्यांच्यापासून सुरुवात केली, तर बाकीच्यांना काय द्यायचे ते आपोआप कळते.

अमृतसरसारख्या शहरात अशी संस्था निघावी याला आणखी एक अर्थ आहे, आणि तो मुलांना पहिल्या दिवसापासून सांगण्याजोगा आहे. हे शहर ज्यांनी वसवले ते चौथे गुरू रामदास स्वतः पोरके होते. त्यांचे मूळ नाव जेठा. जन्म १५३४ चा, लाहोरचा. सातव्या वर्षी आईवडील गेले. आजी त्यांना बासरके गावी घेऊन गेली आणि तिथे हा मुलगा उकडलेले हरभरे विकून घरखर्चाला हातभार लावू लागला. पुढे गोइंदवालला गुरू अमरदासांच्या सेवेत राहिला, त्यांचा जावई झाला आणि त्यांच्या गादीवर बसला. १५७७ मध्ये त्यांनी वसवलेले रामदासपूर म्हणजेच आजचे अमृतसर. यतीमखान्यातल्या मुलाला दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, सरोवराकडे बोट दाखवून 'हे तुझ्यासारख्याच एका मुलाने खोदायला घेतले' असे सांगता येत होते. कुठल्याही पाठ्यपुस्तकातून असा धडा मिळणार नाही.

आता प्रत्यक्ष शिक्षण कसे होते ते पाहू. धर्माचा तास वेगळा आणि बाकी दिवस वेगळा, अशी विभागणी शीख जीवनक्रमात मुळातच नाही. पहाटे उठून स्नान, मग जपजी, जाप आणि सवैये. संध्याकाळी रहरास. झोपताना सोहिला. याला नितनेम म्हणतात. मोठ्यांबरोबर म्हणता म्हणता मुलाला ते पाठ होते, आणि पाठ झाल्यावर लिपी शिकताना ओळखीचे शब्द डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे वाचन झपाट्याने जमते. त्याबरोबर अरदास ही प्रार्थना असते. तिच्यात दहा गुरूंची नावे येतात, चार साहिबजाद्यांची, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या पुत्रांची, पंज प्याऱ्यांची, म्हणजे खालशाची पहिली दीक्षा घेतलेल्या पाच जणांची, आणि हुतात्म्यांची स्मृती येते, आणि शेवटी अवघ्या जगाचे भले मागितले जाते. रोज दोन वेळा अरदास ऐकणाऱ्या मुलाला आपल्या समाजाचा इतिहास निराळा शिकवावा लागत नाही. त्याच्या वयाची माणसेही त्या इतिहासात आहेत. सरहिंदला भिंतीत चिणले गेलेले जोरावर सिंग आणि फतेह सिंग हे दोघे दहा वर्षांच्या आतले. आठवे गुरू हरकृष्ण पाचव्या वर्षी गादीवर बसले आणि १६६४ मध्ये दिल्लीत देवीच्या साथीत रोग्यांची सेवा करताना आजारी पडून गेले. भाई वीर सिंग यांनी गुरूंच्या अशा कथा मुलांना समजतील अशा भाषेत लिहिल्या. 'गुर बालम साखियां' हे त्यांचे पुस्तक पंजाबी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे.

आणि सेवा. भांडी घासणे, पंगत वाढणे, संगतीचे जोडे सांभाळणे. अनाथाश्रमातल्या मुलाला हे काम करावे लागले तर ते लाजिरवाणे वाटू शकते. शीख गुरुद्वाऱ्यात मात्र सरदार-जमीनदारही जोड्यांची धूळ पुसायला बसतात, त्यामुळे तेच काम इथे मानाचे ठरते. दुसऱ्याच्या दारी आश्रित म्हणून राहणाऱ्या मुलाच्या मनावर जो ओरखडा उठतो, तो या एका रिवाजाने किती पुसला गेला असेल, याचा विचार शिक्षणशास्त्राच्या माणसांनी अवश्य करावा.

आपल्याला जवळचा असा एक धागा इथे सांगितलाच पाहिजे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये संत नामदेवांचे ६१ शबद आहेत. म्हणजे दुष्काळात आईबाप गमावलेला पंजाबच्या माझा किंवा माळवा भागातला मुलगा अमृतसरला येऊन बाणी शिकला, की त्याच्या तोंडी पंढरीच्या विठ्ठलभक्ताचे शब्द येत. तिथे ते भगत नामदेव. नामदेव उत्तरायुष्यात ज्या गावी राहिले ते घुमान गुरदासपूर जिल्ह्यात, अमृतसरपासून फार लांब नाही. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच झाले. त्या संमेलनाला गेलेल्या मराठी माणसांना गुरुमुखीत नामदेव म्हणणारी मुले पाहून जे वाटले असेल, ते शब्दांत मांडणे कठीण आहे.

आता या शिक्षणाच्या गाभ्याकडे येतो. अमृतसंस्काराच्या वेळी पंज प्यारे दीक्षा घेणाऱ्याला सांगतात की आजपासून तुझे पिता गुरू गोविंदसिंग, माता साहिब कौर, तुझा जन्म केसगढ साहिबचा आणि तुझा वास आनंदपूर साहिबचा. तू खालशाचा. घरदार असलेल्या माणसासाठी ही नवी ओळख जुन्या ओळखीवर चढते. ज्याच्या नावापुढे बापाचे नाव लिहायला कुणी उरले नाही, त्या आठ वर्षांच्या मुलाला मात्र यातून आईबाप मिळतात, गाव मिळते, आडनाव सांगायची गरज उरत नाही. जगातल्या पुष्कळ अनाथाश्रमांनी मुलांना अन्न, वस्त्र, अक्षर दिले. यतीमखान्याने मुलाला कूळ दिले, आणि ते दान म्हणून दिले नाही, त्याचा हक्क म्हणून दिले. माझ्या मते या संस्थेचे सर्वांत मोठे काम हेच.

२४ ऑक्टोबर १९०७ रोजी दोन भाऊ इथे दाखल झाले. मूळचे सुनामचे. वडील टहल सिंग रेल्वेच्या फाटकावर चौकीदार होते. आई १९०१ मध्ये गेली, वडील १९०७ मध्ये. थोरल्याचे नाव मुक्ता सिंग, धाकट्याचे शेर सिंग. यतीमखान्यात थोरल्याचे नाव साधू सिंग झाले आणि धाकट्याचे उधम सिंग. साधू सिंग १९१७ मध्ये वारला आणि उधम सिंग दुसऱ्यांदा पोरका झाला. १९१८ मध्ये तो मॅट्रिक झाला, १९१९ मध्ये संस्थेतून बाहेर पडला. त्याच वर्षी, त्याच शहरात, बैसाखीच्या दिवशी, १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्याने गोळीबाराच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या मायकेल ओडवायरला गोळी घातली आणि ३१ जुलैला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी गेला. कैदेत त्याने स्वतःचे नाव राम मोहम्मद सिंग आझाद असे सांगितले. शेर सिंग, उधम सिंग, राम मोहम्मद सिंग आझाद. नाव घेण्याला काय अर्थ असतो हे ज्याला लहानपणी कळले होते, त्यानेच शेवटचे नाव स्वतः निवडले. त्याचे अवशेष १९७४ मध्ये भारतात आणले गेले. यतीमखान्यात तो राहत होता ती खोली जपून ठेवली आहे.

संस्थेच्या इतिहासात केवळ गौरवच सांगून चालत नाही, म्हणून हेही लिहितो. चीफ खालसा दिवाणाचे धोरण इंग्रज सरकारशी जुळवून घेण्याचे होते. दिवाणाची मंडळी सरदार, जमीनदार, पदवीधारी अशी होती, आणि सरकारची मर्जी राखून शाळा-कॉलेजे उभी करावीत असे त्यांना वाटे. १९२० मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी स्थापन झाली, अकाली चळवळ पेटली, हजारो माणसे तुरुंगात गेली, आणि समाजाचे नेतृत्व दिवाणाच्या हातून गेले. हा निवाडा योग्यच होता. तरीही राजकारणातली मवाळी आणि शिक्षणातली निष्ठा एकाच संस्थेत असू शकते, आणि मुलांना आत्मसन्मान शिकवला की तो सत्तेपुढे झुकायचे नाकारतो, मग शिकवणाऱ्याची इच्छा काही का असेना. उधम सिंग हा याचा पुरावा आहे.

यतीमखान्याचे दुसरे मोठे काम म्हणजे कीर्तन. शीख कीर्तनात आपल्याकडच्यासारखे निरूपण नसते. रागी शबद गातात, कथा करणारे निराळे असतात. गुरू ग्रंथ साहिबची बहुतेक सारी रचना ३१ मुख्य रागांच्या क्रमाने लावलेली आहे, म्हणजे गायन हा या धर्मशिक्षणाचा कणाच. शतकानुशतके दरबार साहिबात गाणाऱ्यांत रबाबी घराणी मोठ्या मानाची होती. ती मुसलमान होती आणि गुरू नानकांचे सोबती भाई मरदाना यांची परंपरा सांगत. १९४७ मध्ये ही घराणी सीमेपलीकडे गेली आणि एका दिवसात एक सांगीतिक वारसा तुटला. अशा वेळी ज्या थोड्या संस्थांत रागी घडवण्याचे काम आधीपासून शिस्तीने चालू होते, त्यांत यतीमखाना होता. हार्मोनियम, तबला, रागज्ञान आणि शुद्ध बाणी यांची तालीम घेतलेली मुले गुरुद्वाऱ्यांत रागी म्हणून गेली. त्यांच्या दृष्टीने ही उपासना होती आणि पोट भरण्याचा मानाचा मार्गही. शिक्षणाने हाताला काम दिले पाहिजे आणि मनाला आधार दिला पाहिजे असे सगळेच म्हणतात; इथे एकाच विद्येने दोन्ही साधले.

याच आवारात सूरमा आश्रम आहे, अंध मुलांचा. पंजाबी बोलीत अंध माणसाला आदराने सूरमा, म्हणजे शूर म्हणतात. ही मुले बाणी कानांनी शिकतात, ब्रेलमध्ये वाचतात आणि कीर्तनात तयार होतात. ज्या मुलाला गावात भीक मागण्यावाचून गती नव्हती, तो संगतीपुढे बसून शबद म्हणतो आणि शेकडो माणसे मान खाली घालून ऐकतात. याबद्दल लिहिताना लेखणी आवरावी लागते, कारण कितीही लिहिले तरी कमी पडेल.

मुलींच्या बाबतीत ही संस्था बराच काळ मागे होती, हे मान्य करावे लागेल. फिरोजपूरने जे १८९२ मध्ये ओळखले, ते मुलांसाठी निघालेल्या पुष्कळ संस्थांना उशिरा उमगले. सुरुवातीपासून मुलींनाही कीर्तनाची तीच तालीम मिळाली असती तर आज पंजाबात स्त्री-रागींचे चित्र निराळे दिसले असते, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर दिवाणाने शाळांचा मोठा पसारा उभा केला. 'श्री गुरू हरकृष्ण पब्लिक स्कूल' या नावाने त्या पंजाबात आणि बाहेरही चालतात, इंग्रजी माध्यमातून शिकवतात आणि निकालही चांगले लावतात. बालगुरूचे नाव शाळेला देणे औचित्याचे आहे. पण नावाने काम भागत नाही. आजच्या शीख पालकांची तक्रार आहे की मुलांना पंजाबी बोलता येते, गुरुमुखी वाचता येत नाही; केस राखायचे का, याचे उत्तर घरात कुणाला नीट देता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरमत शिबिरे भरतात, परदेशात गुरुद्वाऱ्यांतून शनिवार-रविवारी वर्ग चालतात, पगडी बांधण्याच्या स्पर्धा होतात. हे सगळे हवेच. मात्र आठवड्यातला एक तास पहाटेच्या नितनेमाची जागा घेऊ शकत नाही. यतीमखान्यात धर्म हा विषय नव्हता, तो दिनक्रम होता, आणि म्हणूनच तो टिकला. ज्यांच्या मुलांना आईबाप आहेत, त्यांनी या संस्थेकडून हे एवढे जरी घेतले तरी शिबिरांवरचा निम्मा भार कमी होईल. बाकी समाजांनाही, आपल्यालासुद्धा, हे लागू आहे. संध्याकाळची शुभंकरोती घराघरांतून कशी गेली ते आपण पाहिलेच आहे.

अमृतसरला जाणारा मराठी प्रवासी दरबार साहिबला माथा टेकतो, जालियनवाला बाग पाहतो, संध्याकाळी अटारीची सीमा गाठतो आणि परततो. त्याच शहरात जी. टी. रोडवर पुतळीघर आहे आणि तिथे यतीमखाना आहे. उधम सिंगांची खोली पाहण्यासाठी तरी तिथे अवश्य जावे. शक्य झाले तर मुलांच्या कीर्तनाला थोडा वेळ बसावे, नामदेवांचा एखादा शबद ऐकायला मिळेल का विचारावे, आणि निघताना गोलकीत, म्हणजे दानपेटीत, यथाशक्ती काही टाकावे. गरिबाचे तोंड हीच गुरूची गोलक, असे शीख म्हणतात. आणि ही संस्था आजही लोकांनी दिलेल्या दानावर चालते.